गवताचा जमाखर्च

बागेला माणूस लावायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो माळी ठेवायचा की खुरपायला बाई बोलवायची हा. दोन्हींत फरक आहे. माळी हा तज्ज्ञ. तो येतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो, सावकाश मान हलवतो आणि शेणखत, लाल माती, कुंड्या यांची यादी देऊन जातो. तण तसंच राहतं. खुरपणारी बाई आल्याबरोबर पदर खोचते, खुरपं घेऊन उकिडवी बसते आणि बसल्या बसल्याच संध्याकाळपर्यंत या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पोचते. सल्ला देत नाही. म्हणून तिचा रोजही कमी!

या कामाला आम्ही पुण्यात खुरपणी म्हणतो. कोल्हापूरकडे भांगलण, विदर्भात निंदण, कोकणात बेणणी. एवढी नावं असलेल्या कामाला एवढी थोडी मजुरी दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल असं वाटत नाही. खरं म्हणजे त्याला प्रतिष्ठा कमी नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणला सावता महाराजांनी मळ्यातच देव पाहिला, आणि ते पंढरपूरला जाईनात म्हणून विठ्ठलच मळ्यात आला अशी कथा आहे. 1295 साली त्यांनी समाधी घेतली. तेव्हापासून मळ्यात बसून काम करणाऱ्याकडे कोणी आपण होऊन आल्याचं फारसं ऐकिवात नाही.

तर परवाच्या पावसाळ्यात आमच्याकडे खुरपायला बाई लावल्या. संध्याकाळी पाहतो तो उपटलेल्या गवताचे एक सोडून चार ढीग. मी म्हटलं, "मावशी, कचरा तो कचरा. वेगळा कशाला केलात?" त्यांनी माझ्याकडे, आमच्या कॅशियरने खोट्या नोटेकडे पाहावं तसं पाहिलं आणि खुरप्याच्या टोकाने एकेक ढीग दाखवला.

पहिल्या ढिगात हराळी, आघाडा आणि माका. हराळी म्हणजेच दूर्वा. श्रावणात आम्ही रोज देऊन ती मुळासकट उपटून घेतो आणि भाद्रपदात मंडईत जाऊन तिचीच जुडी पैसे मोजून आणतो. आघाडा आणि माका यांचंही तेच. पत्रीच्या पुडीत दोघं मानाने येतात. एकाच मालाचा खर्च दोनदा टाकण्याची ही पद्धत ऑडिटरने कशी सोडली कोण जाणे. बाईंनी मात्र पारिजातकाखालची वीतभर हराळी राखली होती. "तेवढी गणपतीला ठेवली," म्हणाल्या. दुसरा ढीग घोळीचा. तो त्यांनी फडक्यात बांधला; घरी भाजी होणार होती.

तिसऱ्यात घाणेरीची रोपं. ही बाई परदेशी. मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या कंपनी बागेत ती शोभेचं झाड म्हणून आली. साहेबलोकांनी कौतुकाने तिची कुंपणं लावली. पाखरांनी फळं खाऊन बिया रानोमाळ टाकल्या, आणि आता तिने सबंध देशातली रानं अडवली आहेत. म्हणजे एके काळी माळी लावून वाढवलेलं झाड आज बाई लावून उपटायचं!

चौथा ढीग सगळ्यांत मोठा: गाजरगवत, ऊर्फ चटकचांदणी, ऊर्फ काँग्रेस गवत. डोक्यावरच्या पांढऱ्या फुलांची टोपी दिसते म्हणून हे शेवटचं नाव, असं एक मत आहे. दुसरं मत असं, की काँग्रेसच्या राज्यात अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या आणि गव्हाच्या पोत्यांतून हे बी आलं. हे दुसरं मत आमच्या पिढीने आईच्या दुधाबरोबर घेतलं आहे. पण मी तारखा जुळवून पाहिल्या. गवत पुण्यात दिसलं 1955 च्या सुमारास. पी. एल. 480 खालचा भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. व्हाउचरच्या आधी एन्ट्री! अमेरिकेचा गहू त्याआधी 1951 च्या कर्जातूनही आला होता, तेव्हा आरोपी अगदीच निर्दोष सुटत नाही. पण 1814 साली छापलेल्या कलकत्त्याच्या कंपनी बागेच्या यादीतही या झाडाचं नाव सापडतं. म्हणजे हाही कदाचित जुना खातेदार, मधे बरीच वर्षं व्यवहार न केलेला.

एकेका झाडाला 15-20 हजार बिया येतात. तेव्हा सरकारनेही खुरपायला गडी लावला, तोही थेट मेक्सिकोहून. 1983 साली बंगळूरला एक भुंगा आणला आणि पुढच्या वर्षी सोडला. हा फक्त गाजरगवत खातो, रोज मागत नाही, असं त्याचं शिफारसपत्र होतं. तो पावसाळ्यात पानं फस्त करतो हे खरं. पण एरवी मातीत शिरून महिनेच्या महिने झोपतो. काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसल्याची तक्रार झाली आणि त्याच्यावर चौकशी समिती बसली. बिनपगारी नोकरालासुद्धा चौकशी चुकली नाही.

भुंग्याला जे बाधत नाही ते बाईंना बाधतं. त्यांनी बाही वर सरकवून दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळवंडून जाड झालेली, मधे खाजवल्याचे ओरखडे. मानेवरही तेच. या गवताने अंगावर उठतं, ऊन लागलं की चिघळतं, हे पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 1970 च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. ते छापील नियतकालिक बाईंपर्यंत पोचलं नव्हतं. गवत पोचलं होतं. मी भाजी चिरताना घालायचे पातळ मोजे पुढे केले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि दोन्ही हातांना दुधाच्या जाड पिशव्या बांधून दाखवल्या.

मग हिशेब. "दादा, तीन ढिगांचा रोज ठरला तो. ह्या चौथ्याचे पन्नास वर." आमच्या हिने भुवया उंचावल्या. मी गप्प बसलो. नोटा मोजणाऱ्याला आमच्याकडे वेगळा भत्ता असतो, आणि नोटांनी आजवर कोणाच्या अंगावर उठल्याचं मला माहीत नाही. पैसे दिले.

यंदा जूनमध्येच बाईंचा निरोप आला. पहिला पाऊस झाला आहे, माती ओली आहे, चांदणी फुलावर यायच्या आत बोलवा. मुळासकट निघेल, अंगावरही कमी उठेल आणि वरचे पन्नास लागणार नाहीत.