मालदीवची कवडी

बडोद्याजवळच्या छाणीपासून खंबायतचं आखात फार लांब नाही. तरीही सतराव्या शतकात गुजरातेत सुट्या पैशांच्या जागी समुद्रातली कवडी नव्हे, तर कडू बदाम चालत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये लिहितो, की ते इराणातून येत आणि पैशाला पस्तीस-चाळीस मिळत. मुघल मुलखात इतरत्र ते काम कवडी करी. समुद्राजवळ पैशाला 80पर्यंत कवड्या पडत, आग्र्याला 50-55. किनारा मागे पडेल तशी ती महाग होत जाई.

ही कवडी म्हणजे मालदीवच्या उथळ पाण्यातली, जेमतेम इंचभर लांबीची समुद्रगोगलगाय. लिनियसने 1758मध्ये तिच्या शास्त्रीय नावातच ‘मोनेटा’, म्हणजे नाणं, घातलं. जिवंतपणी ती मांसल पदर अंगावर ओढून घेते, म्हणून कवच घासत नाही, चकाकी टिकते. कडा आत वळून दातेरी झाली की तिची वाढ थांबते. त्यामुळे आकारात फार फरक पडत नाही, आणि खोटी कवडी घडवणं कुणाला परवडत नाही. टाकसाळीबाहेर इतकं भरवशाचं नाणं दुसरं झालं नाही, असं मला वाटतं. चौदाव्या शतकात मालदीवला काजी झालेल्या इब्न बतूताने कवड्या खड्ड्यात पुरून मांस कुजवताना पाहिलं. बंगालचे लोक तांदूळ देऊन त्या नेत.

आपल्याकडचा हिशेब त्याहून जुना. खानदेशातल्या पाटण्याच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची कीर्ती कोरली आहे, त्या भास्कराचार्यांनी 1150च्या ‘लीलावती’त नाण्यांचं कोष्टक कवडीपासूनच मांडलं: 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माला 1280 कवड्या. सहा शतकांनंतर बंगालमधल्या सिल्हटचा ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर लिंडसे महसूल कवड्यांतच घेत होता, रुपयाला 5120 या दराने. ही द्रम्माची बरोबर चौपट! कोष्टकाची ही चिकाटी मला थक्क करते.

तुळजाभवानीच्या आराध्यांनी हीच कवडी माळेत ओवून गळ्यात घातली. डच आणि इंग्रज जहाजांनी मात्र ती पश्चिम आफ्रिकेला नेली आणि तिच्या बदल्यात माणसं विकत घेतली. कवडीच्या इतिहासातलं हे पान सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ओडिशात कंपनीने शेतसारा कवडीऐवजी चांदीच्या रुपयात मागायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या हातात कवड्या होत्या, आणि रुपया दिवसेंदिवस महाग होत गेला. 1817च्या पाइकांच्या, म्हणजे तिथल्या जमीनधारक शिपायांच्या, उठावामागे हेही एक कारण होतं.