मुलांचं नाटक, पण कोणाच्या मुलांचं? : रत्नाकर मतकरींची साठ वर्षांची वाटचाल

नाटक ही मोठ्या माणसांची गोष्ट, असे आपल्याकडे बराच काळ धरून चाललेले होते. मुलांनी फार तर शाळेच्या गॅदरिंगला दाढीमिशा चिकटवून शिवाजी-अफझलखान करावा, पाठ केलेले संवाद धडाधड म्हणून टाकावेत, आईबापांनी टाळ्या वाजवाव्यात आणि संपलं. मुलांना काय आवडते, कशाची भीती वाटते, किती वेळ ती एका जागी बसू शकतात, याचा विचार करून नाटक लिहावे आणि खऱ्या नाट्यगृहात पडदा उघडून ते करावे, ही गोष्ट मराठीत नीट रुजली ती १९५९ नंतर. तेव्हापासून शेवटपर्यंत ज्यांनी हे काम सोडले नाही, ते रत्नाकर मतकरी. आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांत त्यांचे नाव माहीत आहे ते टीव्हीवरच्या 'गहिरे पाणी'मुळे किंवा गूढकथांमुळे. मुलांच्या नाटकांचे त्यांचे काम त्याहून मोठे आहे, आणि त्या कामाच्या शेवटी जे घडले ते तर आपल्यासारख्या वस्त्यांतल्या माणसांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

मतकरींचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ चा, मुंबईतला. वयाच्या सतराव्या वर्षी, १९५५ मध्ये, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून सादर झाली. १९५८ मध्ये अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि लगेच बँक ऑफ इंडियात नोकरी धरली. ती २० वर्षे केली. म्हणजे दिवसा आकडेमोड आणि संध्याकाळी तालीम. नाटकावर घर चालत नाही हे त्या काळच्या प्रत्येक लेखकाला ठाऊक होते. आणि मुलांच्या नाटकावर तर चहाचा खर्चही निघत नाही!

सुरुवात मात्र एकट्या मतकरींची नव्हती. सुधा करमरकर या अभिनेत्रीने अमेरिकेत मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास केला होता. परत आल्यावर त्यांनी गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने 'लिट्ल थिएटर' म्हणजे बालरंगभूमी सुरू केली. त्यांना पहिले नाटक हवे होते, ते विशीतल्या मतकरींनी लिहून दिले. 'मधुमंजिरी' त्याचे नाव. १९५९ साली त्याचा प्रयोग झाला आणि मराठी बालनाट्याचा आधुनिक इतिहास इथून मोजला जातो. सुधाताईंचा आग्रह असा की मुलांचे नाटक म्हणून काही कमी दर्जाचे चालणार नाही. नेपथ्य हवे, प्रकाशयोजना हवी, वेशभूषा हवी. मुलाला वाटले पाहिजे की आपल्यासाठी कोणीतरी एवढा खटाटोप केला आहे. हा आग्रह महत्त्वाचा होता, कारण 'पोरांनाच तर दाखवायचंय' ही वृत्ती आजही गेलेली नाही.

पुढे १९६२ मध्ये मतकरींनी 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. पत्नी प्रतिभा मतकरी या अभिनेत्री, त्या बरोबरीने उभ्या राहिल्या. लिहायचे स्वतः, बसवायचे स्वतः, आणि चित्रकलेचा हात असल्यामुळे रंगमंचाचे चित्रही त्यांच्या डोळ्यांपुढे आधीच तयार असे. सुमारे ३० वर्षे त्यांनी ही संस्था पदरमोड करून चालवली. 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अचाट गावची अफाट मावशी' अशी २० हून अधिक नाटके मुलांसाठी लिहिली.

पदरमोड का करावी लागते, हे जरा समजून घेतले पाहिजे. मुलांच्या नाटकाला हंगाम असतो दोन सुट्यांचा, दिवाळीचा आणि मे महिन्याचा. बाकी वर्षभर परीक्षा, क्लास आणि शाळा. शनिवार-रविवारची दुपार-संध्याकाळ मोठ्यांच्या धंदेवाईक नाटकांकडे जाते. उरते ती सकाळ. तिकीट चढे ठेवता येत नाही, कारण एका मुलामागे निदान एक मोठे माणूस येते आणि घरात मुले दोन-तीन असतात. राक्षस, चेटकीण, जादू हे सगळे दाखवायचे तर कपडेपट आणि रंगभूषेचा खर्च मोठ्यांच्या दिवाणखान्यातल्या नाटकापेक्षा जास्त. शिवाय दहा वर्षांचा बालनट दोन हंगामांत मिसरूड फुटून उभा राहतो, की लागा पुन्हा नवा शोधायला. एकच गोष्ट फायद्याची, प्रेक्षकही तसाच बदलतो. पाच-सहा वर्षांनी नाट्यगृहात सगळी नवी मुले असतात आणि जुने नाटक त्यांच्यासाठी कोरे करकरीत असते. म्हणून चांगले बालनाट्य म्हातारे होत नाही.

'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण हे त्याचे उत्तम उदाहरण. ही भूमिका पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि गाजवली. पुढे नट म्हणून ते केवढे मोठे झाले ते सर्वांना माहीत आहे. पुरुषाने चेटकीण व्हायचे, मुलांना आधी घाबरवायचे आणि मग त्याच चेटकिणीची फजिती करून हसवायचे, यात मुलांच्या मनाची फार चांगली जाण आहे. काही शहाणी माणसे म्हणतात की चेटकीण-राक्षस दाखवून मुलांच्या डोक्यात अंधश्रद्धा भरते. आपल्या समाजात हा प्रश्न साहजिकच विचारला जातो, विचारलाही पाहिजे. पण माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या भुताला मुलाने एकदा नाट्यगृहात पोट धरधरून हसून घेतले, ते भूत त्याला अंधारात कमी घाबरवते. नवस, अंगात येणे, बुवा या गोष्टी मुलांना मोठ्या माणसांकडून मिळतात, चिंचीकडून नव्हे.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार होता. सगळी नाटके राजा, राणी, जादू आणि जंगलाचीच का? मुलाच्या घरात भांडण होते, शाळेत मार बसतो, बाप दारू पितो, त्याचे नाटक कुठे? बर्लिनच्या 'ग्रिप्स' थिएटरने हाच प्रश्न धरून मुलांच्या रोजच्या आयुष्यावर नाटके केली होती. डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये ती पद्धत पुण्यात आणली आणि 'छान छोटे वाईट मोठे' हे नाटक झाले. मराठी बालरंगभूमीला तो चांगला धक्का होता. पण त्याचाही प्रेक्षक बहुतेक तोच राहिला, ज्याच्या आईबापांना नाटकाची सवय आहे.

आणि खरी मेख इथेच आहे. शिवाजी मंदिर दादरला, साहित्य संघ गिरगावात. तिथपर्यंत जायचे म्हणजे गाडीभाडे, तिकीट, मध्यंतरात वडा मागणार, ते निराळेच. गिरणीत पाळी करणाऱ्या, महापालिकेत झाडू मारणाऱ्या किंवा नाक्यावर उभे राहणाऱ्या माणसाने सुटीच्या सकाळी चार पोरांना घेऊन नाटकाला जावे, हे चित्र किती घरांत दिसले असते? आपल्या पोरांनी नाटक पाहिले ते रस्त्यावर बाकडी मांडून केलेल्या स्टेजवर. जयंतीच्या आदल्या रात्री, ताईने बसवलेली नाटिका, साडीचा पडदा आणि मध्येच शिट्टी मारणारा माईक. त्यातही गंमत होती, जिवंतपणा होता. पण मराठी बालनाट्याच्या इतिहासात त्या स्टेजची नोंद नाही. आणि नाट्यगृहातल्या खुर्चीवर आपले पोर क्वचितच बसले. हा दोष एकट्या मतकरींचा मुळीच नाही. तिकीट परवडण्याजोगे ठेवूनसुद्धा काही दारे उघडत नाहीत, कारण ती नुसत्या तिकिटाने बंद झालेली नसतात.

मतकरींना ही बंद दारे दिसत नव्हती असे म्हणता येणार नाही. मोठ्यांसाठी प्रायोगिक नाटके करायला त्यांनी 'सूत्रधार' ही संस्था चालवली होती. तिथे 'लोककथा ७८' आले. खेड्यातली गावगुंडी, सत्ता हाती असलेल्यांची दहशत आणि दलितांवरचा अत्याचार हा त्याचा विषय. १९७८ हे साल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे जळाली. त्या सालाचा आकडा नावात घेऊन हे नाटक उभे राहिले आणि शहरातल्या सुखवस्तू प्रेक्षकाला त्याने अस्वस्थ केले. मुलांसाठी अफाट मावशी लिहिणारा आणि 'लोककथा' लिहिणारा माणूस एकच, हे पुष्कळांना खरे वाटत नसे. त्याच वर्षी त्यांनी बँकेची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन धरले. पुढे 'घर तिघांचं हवं' या नाटकात त्यांनी ताराबाई मोडकांचे आयुष्य मांडले. गरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांसाठी बालवाडी उभी करणारी ही बाई, आणि तिच्या स्वतःच्या घरात मुलीचे काय झाले, हा त्यातला काटा. लहान मुलाचा विचार मतकरींच्या मोठ्यांच्या नाटकातही असा डोकावत राहिला.

नर्मदा आंदोलनासारख्या चळवळींतही ते गेले. आणि मग २०१४ मध्ये, वयाची पंच्याहत्तरी झाल्यावर, ते ठाण्याच्या झोपडपट्ट्यांकडे वळले. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था वस्त्यांमध्ये काम करते. हालअपेष्टांत दहावी पास होणाऱ्या मुलामुलींचा 'एकलव्य' म्हणून गौरव करणारी ही संस्था. तिच्याबरोबर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना मांडली आणि 'नाट्यजल्लोष' सुरू झाला.

एखादा नामवंत लेखक वस्तीत येतो तेव्हा काय होते ते आपण पाहिलेले आहे. येतो, हार घेतो, दोन चांगले शब्द बोलतो, फोटो निघतो, जातो. फार झाले तर आपले एखादे नाटक फुकट दाखवतो. मतकरींच्या कपाटात २० हून अधिक तयार बालनाट्ये होती. त्यातले एखादे काढून वस्तीतल्या मुलांकडून बसवून घेणे सर्वांत सोपे होते, आणि लोकांनी वाहवाही केली असती. त्यांनी तसे केले नाही. मुलांनीच आपल्या जगण्यातला विषय शोधायचा, त्यांनीच बोलून बोलून त्याचे नाटक करायचे, त्यांनीच उभे राहायचे, असे ठरले. पाण्याची रांग, घरातले व्यसन, शाळा सुटणे, मुलीला बाहेर पाठवायला घरच्यांचा नकार. भारी नेपथ्य नको, कपडेपट नको. अनुभवी रंगकर्मींनी मदत करायची, पण मुलांच्या तोंडचे शब्द काढून घ्यायचे नाहीत.

सांगायला सोपे, करायला महाकठीण. वस्तीतला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी कुठेतरी कामाला असतो. मुलींना काळोख पडायच्या आत घरी यावे लागते. तालमीला जागा नाही. ज्याची पाठांतराची सवय सुटली त्याला उतारा पाठ करा म्हटले की तो दुसऱ्या दिवशी येतच नाही. पण 'काल तुमच्या नळावर काय भांडण झालं ते करून दाखव' म्हटले की तोच मुलगा दोन माणसांचे आवाज काढून सगळा प्रसंग उभा करतो. ज्यांनी आपल्याकडे कधी नाटिका बसवली आहे त्यांना हे लगेच पटेल. भाषा सुधारा, शुद्ध बोला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्या धाकाने किती पोरांची तोंडे स्टेजवर शिवली गेली याचा हिशेब नाही. इथे ठाण्याच्या वस्तीची बोली जशीच्या तशी रंगमंचावर चढली, आणि खाली बसून ती ऐकायला नावाजलेली नाटकवाली मंडळी आली. आमच्यासाठी नाटकाचा इतिहास इथे बदलतो. १९५९ मध्ये लेखकाने मुलांना खुर्चीवर बसवले होते. २०१४ मध्ये तोच लेखक खाली येऊन बसला आणि मुले वर उभी राहिली.

हे ५५ वर्षे उशिरा झाले, असे कोणी म्हणेल. म्हणणे चूक नाही. या मधल्या काळात वस्त्यांतल्या किती पिढ्या नाटक न पाहताच मोठ्या झाल्या. पण ज्या वयात लोक सत्कार घेतात आणि आठवणी सांगतात, त्या वयात एखाद्याने नव्याने विद्यार्थ्यांच्या घोळक्यात जाऊन बसावे, हेही काही रोज घडत नाही.

२०१८ साल तर पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी 'अलबत्या गलबत्या' चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात पुन्हा रंगमंचावर होते. वैभव मांगले यांची चेटकीण पाहायला इतकी गर्दी लोटली की १५ ऑगस्टला दादरच्या शिवाजी मंदिरात एकाच दिवशी ५ प्रयोग झाले. ज्यांनी लहानपणी प्रभावळकरांची चिंची पाहिली ते आता आपली मुलेबाळे घेऊन आले होते. त्याच वर्षी साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मतकरींना मिळाला. आणि तिकडे ठाण्यात, तिकीट नाही, जाहिरात नाही, अशा वस्तीतल्या मुलांच्या नाटिका आपल्या चालूच होत्या. वर्तमानपत्रांचे जास्त रकाने कुठे गेले असतील हे सांगायला नको.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि राज्यातली सगळी नाट्यगृहे बंद झाली. १७ मे २०२० रोजी मुंबईत कोरोनाने मतकरींचे निधन झाले. वय ८१. एरवी अशा माणसाला निरोप द्यायला नाट्यगृहाच्या दारात रांग लागली असती. त्या दिवसांत ते कोणाच्याच नशिबी नव्हते, आपल्या वस्तीतलीही किती माणसे अशीच गेली. ठाण्याच्या मुलांनी नाट्यजल्लोष मात्र बंद पडू दिला नाही.