आवाज थांबले, यादी हरवली

आमच्या बेळगावच्या घरी आप्पाकाकांच्या कानातले आवाज गोळ्यांनी थांबले. पण चार जिन्नसांची यादी दुकानापर्यंत ध्यानात राहीना. क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला ‘अकाली बुद्धिऱ्हास’ म्हटले, ते उगाच नव्हे. १९०८ साली ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनने भास ओसरले. विसर तसाच राहिला. तो मोजायलाच पुढे अमेरिकेत दहा चाचण्यांचा संच ठरवावा लागला! त्याच मापाने आयक्लेपर्टिन हे औषध तपासले गेले. दुसऱ्या टप्प्यात आशा दिसली. तिसऱ्या टप्प्याचा निकाल जानेवारी २०२५मध्ये आला: सहा महिन्यांनंतरही खरी गोळी आणि औषध नसलेली गोळी यांत ठोस फरक नाही. काकांना मी तो सांगितला नाही. यादी चिठ्ठीवर लिहून देतो. त्यांच्यासाठी मराठीत, दुकानदारासाठी कन्नडात.