टाचणीचे पैसे

आज एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगते. ‘पिन मनी’. पिन म्हणजे टाचणी आणि मनी म्हणजे पैसा. आपण चोळीबांगडीचे पैसे म्हणतो ना, त्याच जातीचा हा शब्द.

आज टाचणीला कोण विचारतं? पण जुन्या काळी इंग्लंडात बायकांचे कपडे, डोक्यावरचं वस्त्र, सगळं टाचण्यांनीच अडकवलेलं असे. तार ओढायची, सरळ करायची, तोडायची, टोक घासायचं, वर डोकं बसवायचं. अॅडम स्मिथने 1776 सालच्या ग्रंथात लिहिलंय, की एका टाचणीसाठी सुमारे 18 वेगवेगळी कामं लागत. ती वाटून घेतली तर दहा माणसं दिवसाला 48,000 टाचण्या करत.

श्रीमंत घरात लग्न ठरताना करारातच लिहून घेत, की बायकोला तिच्या स्वतःच्या खर्चाला वर्षाला इतके पैसे मिळतील. तेच पिन मनी. पण हे लिहून का घ्यावं लागे? कारण तिथल्या कायद्याने लग्न झालं की बाईचा पैसाअडका नवऱ्याचा होई. दुसऱ्याची धुणी धुऊन आणलेली मजुरीसुद्धा त्याचीच! तरी एवढ्याशा रकमेचाही काहींना राग. जोसेफ अॅडिसन नावाच्या नामांकित लेखकाने 1712 साली पिन मनीवर टीका केली. नवरा आपल्याच हाताने बायकोला आपल्याविरुद्ध हत्यार देतो, असा त्याचा सूर होता. म्हणजे बाईच्या गाठीला चार पैसे असले की काय होतं, हे त्याला बरोबर कळलं होतं म्हणायचं.

1870 च्या कायद्याने नवरा असलेल्या बाईची कमाई तिची झाली. 1882 च्या कायद्याने मालमत्ताही. गरिबाघरच्या बायकांना लग्नाचे करार कुठले, त्यांना हे कायदेच उपयोगी पडले.

पण घरखर्चातून वाचवलेले पैसे? डाळीच्या डब्यातले म्हणा ना. 1943 साली तिथे एक खटला गाजला. ब्लॅकवेल नावाच्या बाईने घरखर्चातून काटकसर करून सहकारी सोसायटीत शंभर पौंडांवर रक्कम साठवली होती. कोर्टाने सांगितलं, पैसे नवऱ्याने दिलेले, म्हणून शिल्लकही नवऱ्याची. काटकसर कोणी केली, याला कायद्यात किंमतच नव्हती.

दरम्यान शब्दाचा अर्थ घसरला. पिन मनी म्हणजे बाईची किरकोळ, वरखर्चाची कमाई. मग बाईला मजुरी कमी द्यायची असली की मालक म्हणत, तिला काय, टाचणीपुरते मिळाले तरी पुष्कळ. घर तर नवरा चालवतो. विधवा, एकट्या, आईबाप पोसणाऱ्या बायकाही त्याच मापाने मोजल्या गेल्या. मला या शब्दाचा राग येतो तो इथे.

डाळीच्या डब्याचा निकाल लागायला मात्र 1964 साल उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवलं, की नवऱ्याने दिलेल्या घरखर्चातून जे वाचेल, किंवा त्यातून जी वस्तू घेतली जाईल, त्यात दोघांचं वेगळं काही ठरलं नसेल तर निम्मा वाटा बायकोचा.