सिमँटिक वेब (संगमनेरच्या उदाहरणासह)

सिमँटिक वेब : वेबवरील माहितीचा अर्थ संगणकालाही लावता यावा, अशा रीतीने ती नोंदवण्याची व जोडण्याची व्यवस्था. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर व ओरा लासिला यांच्यासह मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहिला, तेव्हापासून ही कल्पना सर्वदूर पोचली. नेहमीची वेब एका पानाला दुसरे पान जोडते. ते का जोडले, हे वाचणाऱ्या माणसालाच उमगते. सिमँटिक वेबमध्ये हे नातेही नोंदवलेले असते.

शाहीर अनंत फंदी यांच्याविषयीचे ‘अनंत फंदी – जन्मस्थान – संगमनेर’ हे विधान अशा नोंदीचे सर्वांत लहान रूप. त्याला त्रिक म्हणतात. त्रिके लिहिण्याची आरडीएफ ही पद्धत १९९९ मध्ये प्रमाण ठरली. आता आणखी तीन त्रिके घ्या : संगमनेर प्रवरेकाठी आहे, नेवासे प्रवरेकाठी आहे, ज्ञानेश्वरी नेवाशात रचली गेली. ही विधाने वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी नोंदवलेली असली, तरी फंदी आणि ज्ञानेश्वरी मराठी साहित्यातले आहेत ही नोंद असली की ‘प्रवरेकाठच्या कोणत्या गावांचा मराठी साहित्याशी संबंध आहे?’ या प्रश्नाला दोन्ही गावे उत्तरात येतात. हे उत्तर कोणत्याही एका पानावर आधी लिहिलेले असण्याची गरज नसते, आणि या कल्पनेचे खरे बळ यातच आहे. असे प्रश्न विचारण्याची स्पार्कल ही भाषा २००८ मध्ये प्रमाण झाली.

गोष्ट ओळखायची ती नावावरून नव्हे, तिच्या कायम ओळखचिन्हावरून. संगमनेर हे शहर आहे, तालुका आहे आणि विधानसभा मतदारसंघही. तिघांची चिन्हे वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर तालुक्याची लोकसंख्या शहराच्या माथी बसते. उलट, संगमनेर ज्यात येते त्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, लोक बोलताना नुसते ‘नगर’ म्हणतात. चिन्ह एकच असले की तिन्ही नावांनी केलेला शोध त्याच जिल्ह्यापाशी पोचतो.

२००१ च्या लेखात आईच्या उपचारांच्या वेळा परस्पर ठरवणारा संगणकीय मदतनीस रंगवला होता. त्या लेखाच्या मांडणीप्रमाणे तो काही आला नाही. प्रत्येक संकेतस्थळाने आपली माहिती इतक्या काटेकोरपणे मांडायची, तर कष्ट फार आणि लगेच मिळणारा लाभ थोडा. जे आले ते पडद्याआड : २०११ मध्ये शोधयंत्रांच्या कंपन्यांनी मिळून स्कीमा.ऑर्ग ही शब्दसूची काढली, २०१२ मध्ये गूगलचा नॉलेज ग्राफ आला आणि त्याच वर्षी सर्वांना मोफत वापरता येणारा विकिडेटा हा माहितीसाठा सुरू झाला. गावाचे नाव शोधल्यावर बाजूला दिसणारी माहितीची चौकट हे अशा जोडलेल्या माहितीचेच फळ.

विधान खरे की खोटे, हे ही व्यवस्था स्वतःहून ठरवत नाही. चुकीचे त्रिकही तितक्याच वेगाने पसरते. म्हणून विकिडेटात विधानासोबत आधार देण्याची सोय आहे, आणि मजकुराच्या ओघावरून उत्तर जुळवणाऱ्या आजच्या भाषा-प्रतिमानांच्या काळात तिचे मोल वाढले आहे. मराठी नावे मात्र कोणीतरी भरावी लागतात. यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ चा (इ.स. १०००) संगमनेर ताम्रपट अभ्यासकांना ठाऊक आहे, त्याचा राजा, शक आणि गाव मराठीतून, आधारासह जोडण्याचे काम तालुक्यातला इतिहासाचा शिक्षक किंवा ग्रंथपाल दूरच्या तंत्रज्ञापेक्षा अधिक नेमकेपणाने करू शकतो.