तयार रॉकेट, हौशी लोकांची मतं आणि खर्ड्याचे बाण

हौशी माणसाचं मत हे इतिहासाचं साधन होऊ शकतं का? संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रश्न कधीतरी तुमच्यापुढे येईलच. मी उदाहरण घेते ते मॉडेल रॉकेटचं.

या छंदाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत ऑर्व्हिल कार्लाइल हा बुटांचा दुकानदार आणि जी. हॅरी स्टाइन हा क्षेपणास्त्र तळावरचा माणूस 1957 साली एकत्र आले आणि छंदाला सुरक्षिततेचे नियम मिळाले. पुढच्याच वर्षी व्हर्न एस्टेस यांची कंपनी सुरू झाली. आज तयार रॉकेटही मिळतं: खोक्यातून काढा, इंजिन बसवा, उडवा. त्यात ‘स्केल’ म्हणजे खऱ्या रॉकेटची प्रमाणबद्ध छोटी प्रत.

या तयार स्केल रॉकेटवर हौशी लोकांचे हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, पंख जाड आहेत, सांधा दिसतो, हे मूळ रॉकेट नव्हेच. दुसरा म्हणतो, सरळ गेलं ना वर? झालं तर मग! वाचताना हे आवडीनिवडीचं भांडण वाटतं, पण त्याच्या तळाशी भौतिकशास्त्र आहे. जर्मन व्ही-2 सरळ जायचं ते जायरोस्कोप आणि झोतातल्या ग्रॅफाइटच्या पात्यांमुळे. छोट्या प्रतीत हे काहीच नसतं. तिचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापुढे, निदान एका व्यासाइतका, असावा लागतो. म्हणून नाकात वजन भरतात, नाहीतर पंख मोठे करतात. हे केंद्र कागदावर काढायची सोपी रीत 1966 साली जेम्स बॅरोमन यांनी छंदकऱ्यांपुढे मांडली. ते स्वतः नासात काम करत होते. म्हणजे ‘पंख चुकलेत’ ही तक्रार खरी असते, आणि ते मुद्दाम चुकवलेले असतात हेही खरं.

आता आपल्याकडे या. नाशिककरांना देवळालीचा तोफखाना नवा नाही. तिथल्या सरावात पिनाकाही डागतात: व्यास 214 मिलिमीटर, एका वाहनावर 12 नळ्या. त्याची एकदशांश प्रत केली तर ती जेमतेम 21 मिलिमीटर जाड आणि साधारण अर्धा मीटर लांब होईल. पण तशी प्रत उडवून तिच्यावर मतं नोंदवणारा मोठा समाज आपल्याकडे तयार झाला नाही. रॉकेटचं इंजिन म्हणजे दारू, आणि दारू आली की स्फोटक कायदा, 1884 आला. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तेव्हा साधनं का नाहीत, याचं उत्तर कधीकधी लोकांच्या उदासीनतेत नसून कायद्यात असतं, हे टिपून ठेवा.

मग अमेरिकेतल्या हौशी लोकांचं ज्ञान मराठी इतिहासाला काय कामाचं? खर्ड्याची लढाई बघा, 11 मार्च 1795. रघुजी भोसल्यांच्या फौजेने निजामाच्या फौजेवर बाणांचा वर्षाव केला असं ग्रँट डफ लिहितो. हे बाण म्हणजे दारू भरलेली नळी आणि तिला बांधलेली लांब काठी. पण डफचं पुस्तक 1826 चं. तो काही रणांगणावर नव्हता. त्या वर्षावाचा प्रत्यक्ष परिणाम किती, हा प्रश्न उरतोच.

इथे मॉडेलवाल्यांच्या दोन नेहमीच्या तक्रारी उपयोगी पडतात. पहिली: सुरुवातीला वेग कमी असताना पंख काम करत नाहीत, म्हणून रॉकेट सळईवरून सोडावं लागतं. दुसरी: फार स्थिर रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवतं. बाणाची काठी पंखांचंच काम करते. तेव्हा मोकळा सोडलेला बाण आडव्या वाऱ्यात, दारू जळत असेपर्यंत, वारा जिकडून येतो तिकडे वळणार. नेम चुकणं हा बाणदाराचाच दोष होता असं लगेच मानू नका.

अर्थात यातून ‘असं होऊ शकतं’ एवढंच सिद्ध होतं. ‘असं झालं’ म्हणायला कागदच हवा. छोट्या प्रतीचा अनुभव थेट रणांगणावर लावणारे निबंध मला तरी पटत नाहीत.

तेव्हा पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी वाचायला बसाल तेव्हा दोन गोष्टी करा. ‘बाण’ शब्द दिसला की आधी ठरवा, तो धनुष्याचा की दारूचा; शेजारी ‘कैची’ किंवा ‘बाणदार’ असेल तर बहुधा दारूचा. आणि त्याच पत्रात वाऱ्याचा, धुळीचा, धुराचा उल्लेख असेल तर तो गाळू नका, तारखेसकट उतरवून घ्या.