रोजच्यातलंच सांग: लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट सुरू होते माझ्या गेलेल्या नोकरीपासून. घाबरू नका, लगेच इतिहासात जाऊ.

नोकरी गेली आणि मी पुण्याची खोली सोडून चार महिने नगरला घरी येऊन राहिलो. कागदावर आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच. सकाळी पाणी भरायचं, आजीला गोळ्या द्यायच्या, भांडी घासायची, दुपारी लॅपटॉप उघडून अर्ज पाठवायचे. मोबाईल हातात घेतला की कुणाचं प्रमोशन, कुणाची युरोप ट्रिप. आणि रोज संध्याकाळी आजी एकच प्रश्न विचारायची, "आज काय चांगलं झालं रे?"

मी वैतागायचो. "काही नाही झालं, आजी. रोजचंच."

"मग रोजच्यातलंच सांग."

आमचं घर मराठी ख्रिस्ती. आजी भाकऱ्या थापताना टिळकांची पदं गुणगुणते, रविवारी कडक इस्त्रीची साडी नेसून चर्चला जाते. एका संध्याकाळी माझा चेहरा बघून तिने कपाटातून एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठ केव्हाच गळून गेलेलं. म्हणाली, "ही बाई वाच. हिचे दिवस तुझ्यापेक्षा वाईट होते, आणि ही तुझ्यापेक्षा जास्त हसते."

पुस्तक होतं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत त्यातला एखादा उतारा वाचला असेल, मार्कांपुरता. मीही तसाच वाचला होता. या वेळी पूर्ण वाचलं, आणि एक प्रश्न डोक्यात अडकला. ज्या बाईच्या वाट्याला इतकं आलं, तिला साध्या दिवसांत आनंद सापडला कसा?

तर आता मागे जाऊ. साल १८६८. नाशिकजवळचं जलालपूर. गोखल्यांच्या घरी मुलगी जन्मली, नाव मनकर्णिका, लाडाने मनू. १८५७ च्या बंडानंतर तिच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या धक्क्याची सावली घरावर होती. मनूच्या वडिलांचं सोवळं मग इतकं वाढलं, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कुणाचा स्पर्श झाला, कुणाची सावली पडली, याचीच धास्ती. लक्ष्मीबाई हे सगळं पुढे अशा विनोदाने सांगतात की आपण हसत सुटतो. पण जरा थांबून विचार करा. त्या घरातल्या लहान मुलीसाठी पाण्याची घागर, पीठ, भाजी या रोजच्या गोष्टी म्हणजे रोजचीच भीती होती. कुठे चूक होईल आणि कधी ओरडा बसेल, सांगता यायचं नाही.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, कोकणातल्या करजगावचा, १८६१ चा जन्म. मनूची लक्ष्मी झाली. टिळक म्हणजे हुशार माणूस, शीघ्रकवी, उत्तम वक्ता. आणि संसाराच्या दृष्टीने? हातात पैसा टिकायचा नाही. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. राग नाकावर. मनात आलं की न सांगता घर सोडून निघायचे. आज इथे, उद्या तिथे. पण याच माणसाने बायकोला अक्षरओळख करून दिली, हेही खरं. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्याच नव्हत्या.

नव्वदच्या दशकात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बरं का, टिळकांना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलता बोलता कवितेवरून गाडी धर्मावर आली आणि त्यांनी टिळकांना बायबल वाचायला दिलं. टिळकांनी ते वाचायला घेतलं आणि त्यातून त्यांची सुटका झाली नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता ही घटना बायकोच्या बाजूने बघा. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात ते साडेचार-पाच वर्षं चाललं. नवरा जिवंत, पण त्याच्याबरोबर राहायचं तर जात, माहेर, सगळं सोडायचं. पदरात लहान मुलगा. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे, काही काळ पंढरपुरात. त्या काळात त्या दुःखाने जवळजवळ वेड्या झाल्या होत्या. त्यांची सुरुवातीची कविता याच दिवसांतली.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. 'सकारात्मक राहा', 'जे आहे त्यात आनंद माना' अशी रील्स आपण रोज बघतो. लक्ष्मीबाईंची गोष्ट त्या माळेत ओवू नका. त्यांनी दुःखाला आनंद म्हटलं नाही. टिळक त्यांच्याशी जिथे चुकले, तिथे ते चुकले असं त्यांनी लिहिलंय, छापलंय, आणि वर त्याची थट्टाही केलीय. नवऱ्यावरचं प्रेम त्यांनी लपवलं नाही आणि त्याचे दोषही झाकले नाहीत.

पुढे त्या टिळकांकडे परत आल्या. पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवरा ख्रिस्ती आणि बायकोचं सोवळंओवळं चालू. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. या काळात टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. बदल आतून व्हायचा होता आणि तो झाला एका साध्या प्रश्नातून. माणसांमधल्या जाती देवाने केल्या की माणसांनी? त्या स्वतःशी विचार करत राहिल्या आणि उत्तर मिळालं, माणसांनी. मग ज्या भेदांना देवाचा आधार नाही ते पाळायचे कशाला? त्यांनी ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काय वाटतं, सांगू? श्रद्धा बदलल्यावर त्यांच्या रोजच्या कामाची यादी बदलली नाही. तीच चूल, तेच पाणी, तीच पैशांची ओढाताण. टिळकांचा खिसा तसाच रिकामा. बदललं ते एकच. जन्मापासून रोजच्या कामाला चिकटलेली भीती गेली. लहानपणी ज्या घरात बाहेरचा स्पर्श चालत नव्हता, त्या घरातल्या मुलीचं दार आता सगळ्यांसाठी उघडं होतं.

आणि त्या दारातून कोण कोण आलं! १८९९–१९०० चा दुष्काळ आठवा. नगर जिल्ह्याला त्याची मोठी झळ बसली. त्याआधी १८९६ पासून प्लेग सुरू झालेलाच. पोरकी झालेली मुलं मिशनच्या आश्रयाला येत होती. अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम १८३१ पासूनचं. टिळकांच्या घरात अशी परकी मुलं आपली होऊन वाढली. जात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे एक तरुण कवी येऊन घरच्या मुलासारखा राहिला, त्र्यंबक बापूजी ठोमरे. आपण त्यांना बालकवी म्हणून ओळखतो. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला हाच मुलगा. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईसारखी माया केली. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा त्यांनी एक मूलच गमावलं.

म्हणजे बघा, भीती गेली तरी दुःख गेलं नव्हतं. पण एवढ्या माणसांना वाढायचं, पुरवायचं, कुणाची भांडणं सोडवायची, कुणाचा ताप उतरवायचा, यातच त्यांना आनंद मिळत होता. तो कुठल्या खास दिवसासाठी राखून ठेवलेला नव्हता.

आता 'ख्रिस्ती श्रद्धेत असं काय आहे' हा प्रश्न तुम्ही विचाराल. मी प्रवचन देणार नाही, फक्त दोन गोष्टी सांगतो. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात माणूस देवाकडे भाकर मागतो. वर्षभराचं धान्य नाही, आजच्या दिवसाची भाकर. इतकी साधी मागणी. दुसरी गोष्ट, शुभवर्तमानानुसार येशूने उपदेश सुरू केला तेव्हा तो साधारण तीस वर्षांचा होता. त्याआधीचं बहुतेक आयुष्य गेलं नासरेथ नावाच्या लहानशा गावात, सुताराच्या घरात. त्या वर्षांबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे ख्रिस्ती माणूस ज्याला देव मानतो, त्याचेही बहुतेक दिवस 'रोजचंच' या सदरातले. माझ्या आजीच्या प्रश्नाचं मूळ मला इथे सापडलं.

टिळकांनी ही श्रद्धा मराठी कपड्यांत आणली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. इंग्रजी चालींवरच्या भाषांतरित गाण्यांनी मराठी माणसाचं मन भरणार नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, कीर्तनं केली. लक्ष्मीबाईही कीर्तनाला उभ्या राहिल्या. चर्चच्या गीतांच्या पुस्तकात टिळकांची पदं आजही आहेत. आणि भाकरी थापता थापता जी भक्ती करता येते, ती रोजच्या दिवसात आपोआप मुरते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. पगार सोडला म्हणजे घरात काय झालं असेल, याची कल्पना लक्ष्मीबाईंनी आपल्याला नीट दिलेली आहे!

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केलं होतं, सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. शाळेचं तोंड न बघितलेल्या या बाईने ते हाती घेतलं आणि पूर्ण केलं. मुलगा देवदत्तने टिळकांच्या आठवणी लिहायचा आग्रह धरला. त्यातून जे लिहून झालं ते 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग आला १९३४ मध्ये. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, शेवटचा भाग त्यांच्यामागे छापला गेला. नंतर विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. शांता गोखल्यांनी २०१७ मध्ये इंग्रजी अनुवाद केला.

हे पुस्तक आजही का वाचलं जातं? धर्मांतराचा दस्तऐवज म्हणून अभ्यासक वाचत असतील. मी वाचलं ते त्यातल्या घरासाठी. सांडलेलं, फसलेलं, उसनं आणलेलं, भांडलेलं, हसलेलं, असे दिवसच्या दिवस त्यात आहेत. आपण जे 'काही झालं नाही' म्हणून पुसून टाकतो, ते या बाईने जपून ठेवलं. मला वाटतं, श्रद्धेने त्यांना ही एक नजर दिली: ज्या देवाला भाकर मागता येते, त्याच्यासमोर कुठलाच दिवस किरकोळ नसतो.

तुमची श्रद्धा वेगळी असेल, किंवा नसेलही. त्याने ही गोष्ट परकी होत नाही. फक्त एवढं तपासून बघा, आपल्या रोजच्या कामाला कुठली भीती चिकटलीय? माझ्या भांडी घासण्याला चिकटली होती ती मागे पडल्याची भीती. भांड्यांचा काही दोष नव्हता.

मला नोकरी मिळाली, पण गोष्टीचा शेवट तो नाही. पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी आजीने नेहमीचा प्रश्न विचारला. मी सांगितलं, "सकाळी नळाला पाणी जोरात आलं. तुझी गोळी संपायच्या आत आणली. भाकरी करपली, तरी तू खाल्लीस."

आजी हसली. म्हणाली, "बघ. तीन झाल्या."

आता तुमची पाळी. आज रात्री घरातल्या कुणाला तरी हाच प्रश्न विचारा. 'रोजचंच' असं उत्तर आलं, तर काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे. भेटू पुढच्या भागात.